लाईट हाय

आमच्या धंद्यात कौतुक नावाची गोष्ट नसते. आवाज चांगला लागला तर लोक गाणाऱ्याला टाळ्या देतात. माईकने शिट्टी मारली की मांडवातल्या सगळ्या माना एकदम मागे वळतात आणि तेव्हा कुठे त्यांना कळतं, की मागे टेबलाशी एक माणूस बसलाय. तो माणूस मी. भिवंडीत आणि आसपासच्या गावांत मला शेलार गावचा दत्तू साउंडवाला म्हणून ओळखतात. आता धंदा पुतण्या बघतो. मी फक्त त्याच्या चुका काढतो आणि हे काम मी विनामोबदला करतो.

नवख्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. माझ्यासमोर जी पेटी असते तिला मिक्सर म्हणतात. तिच्यावर वर-खाली सरकणाऱ्या दांड्या असतात. एकेक दांडी म्हणजे एकेका माणसाचा आवाज. कुणाचा आवाज किती मोठा करायचा आणि कुणाचा दाबायचा, हे ती दांडी धरणारा ठरवतो. एवढा अधिकार आमच्या तालुक्यात निवडून आलेल्या माणसालाही नसेल. एकदा अशाच एका निवडून आलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे आवाज घुमवून मागितला. भारदस्त वाटला पाहिजे म्हणाले. मी घुमवला. त्यांनी एक रस्ता मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि तो रस्ता मैदानावर तीन वेळा घुमला. भाषण संपल्यावर एक म्हातारा व्यासपीठाजवळ येऊन बाकीचे दोन रस्ते कुठून जाणार, असं विचारायला लागला. मी केबल गुंडाळायला घेतली.

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. अंबाडीजवळच्या एका यजमानांनी हळदीला मला सगळे बॉक्स मांडवाकडे पाठ करून लावायला सांगितले. शेतापलीकडे त्यांच्या मेहुण्याचं घर होतं आणि दोघांचं बोलणं बंद होतं. पाहुणे बॉक्सच्या मागच्या फळ्यांसमोर नाचले, मेहुण्याच्या घराला मात्र सगळी गाणी नीट ऐकू गेली. पुढच्या वर्षी मेहुण्याकडे हळद निघाली. त्यानेही मलाच बोलावलं, तेच बॉक्स मागितले आणि तोंड उलट्या दिशेला करायला लावलं. दोघांनी मला पोटभर जेवू घातलं.

पण मला सांगायचं आहे ते शुक्रवारचं. आमच्या गावात सुटी रविवारी नसते, शुक्रवारी असते. लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद म्हणजे सुटी. एरवी भिवंडीत कुठेही उभे राहा, कुठल्या ना कुठल्या गल्लीतून लूमची खटाखट येतच असते. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना त्यामुळे थोडं कमी ऐकू येतं. माझा धंदा चालला त्यात या गोष्टीचा वाटा आहे.

लतीफशेठच्या शेडमध्ये अर्धे लूम भंगारात गेले आणि अर्धी जागा मोकळी झाली. शेठ जुन्या कोकणी घराण्यातले, कापडातच वाढलेले. त्यांचा नातू रेहान ड्रम वाजवायचा. घरात वाजवला की शेजारी यायचे, म्हणून शेठनी त्याला शुक्रवारी दुपारनंतर शेड दिली. रेहानने मानकोलीच्या गोदामात काम करणारा सागर नावाचा गिटारवाला पकडून आणला आणि सागरने त्याच गोदामात खोक्यांवर स्कॅनर फिरवणारी वृषाली. ती गायची आणि गाणी स्वतःच लिहायची, तीसुद्धा आपल्या घरच्या बोलीत. बँडचं नाव ठेवलं 'कांडी'. लूममध्ये आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची गुंडाळी बसवतात ती कांडी. ती संपली की धागा तुटतो आणि लूम थांबवून नवी घालावी लागते. आमचाही बँड असाच आहे काका, सारखा थांबतो, असं रेहान म्हणाला.

पहिल्यांदा मी गेलो तो केवळ वृषालीसाठी. तिचा बाप बबन माझ्या आळीतला. बबन लतीफशेठकडे जॉबर. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर आणि फौजदार एकाच अंगात. लूम बंद पडला की दुरुस्त करायचा, आणि लाईट गेली की जनरेटर लावायचा. बबनची साऱ्या कारकिर्दीची शान या जनरेटरवर होती. इतर शेडमध्ये लाईट गेली की माणसं बिडी ओढायला बाहेर पडत. बबनच्या शेडमध्ये पहिली काडी पेटायच्या आत जनरेटर धडधडायला लागलेला असे. शुक्रवारीही तो शेडवर यायचाच, कारण वीज कंपनीवाले नेमकं शुक्रवारी दुरुस्तीचं काम काढतात.

आणि ऐकायला कोण यायचं? एक तर शेडच्या वरच्या खोल्यांत राहणारे कारागीर, बहुतेक उत्तरेकडचे. सुटीच्या दिवशी फुकट करमणूक. दुसरे, कल्याण-डोंबिवली-ठाण्याकडून येणारी पोरं. यांचा एक वेगळाच पंथ असतो. सिनेमातलं गाणं लावलं तर यांना कमीपणा वाटतो. जे गाणं फार कोणाला माहीत नाही तेच यांना आवडतं, आणि ते सगळ्यांना माहीत झालं की यांचा जीव खाली-वर होतो. त्यातला एक चष्मेवाला मुलगा कानात बोळे घालून नेमका माझ्या बॉक्ससमोर उभा राहायचा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, बोळे काढून जरा मागे उभा राहा, तेवढंच ऐकू येईल. त्यावर त्याने मला समजावलं, की छातीत वाजलं पाहिजे, कानात नाही. मी इतकी वर्षं चुकीच्या अवयवासाठी काम करत होतो.

वृषालीचं एक गाणं होतं, बापाविषयीचं. पाळी संपवून बाप घरी येतो. दिवसभर लूममध्ये ओरडून बोलायची सवय, म्हणून घरातही ओरडूनच बोलतो. जेवतो, ओरडत ओरडत मीठ मागतो. आणि मग सुटीच्या दिवशी कधीतरी, दुपारी, गप्प बसतो. इथे गाणं थांबायचं. ड्रम थांबायचा, गिटार थांबायची, तीही थांबायची. चांगला आठ-दहा श्वासांचा थांबा. मग ती एकटीच शेवटचं कडवं उचलायची.

तालमीत तिने मला बजावून सांगितलं होतं, "काका, त्या वेळेला तुमच्या बॉक्समधून खुट्ट झालं नाही पाहिजे. गाणं तेवढ्यासाठीच आहे. बाकीचं सगळं तिथवर यायला लिहिलंय."

मी सगळ्या दांड्या खाली घ्यायचं कबूल केलं. मला गंमत वाटली. आवाज नको म्हणून साउंडवाल्याला बोलावणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

पहिल्या शुक्रवारी गाणं रंगलं. तो थांबा आला. मी दांड्या खाली घेतल्या. शेड गप्प झाली आणि दुसऱ्याच श्वासाला वरच्या खोल्यांतले कारागीर एकजात उठून बाहेर चालू लागले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्या शेडमध्ये माणसाने आयुष्य काढलं त्या शेडमध्ये अचानक आवाज बंद झाला, तर त्याचा अर्थ एकच होतो. लाईट गेली, चहा प्यायला चला. कल्याणच्या पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, कलाकाराने प्रेक्षकांना बाहेर नेलंय, म्हणून तीही मागोमाग निघाली. आणि वृषालीने शेवटचं कडवं उचलायला तोंड उघडलं तेवढ्यात मागच्या अंगाला जनरेटर धडधडला. दारातून धूर आत आला. पाठोपाठ बबन आला, हात पुसत, विजयी मुद्रेने.

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. बबनला काही उमगेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मना वाटला लाईट गेली. पोरीचा गाना लोकांसमोर बंद परला, आनी मी काय बसून राहू?"

त्यात त्याचं तरी काय चुकलं होतं? चूक झाली ती शेडची होती.

मी उपाय काढला. स्टेजच्या वर एक बल्ब टांगला आणि सगळ्यांना सांगितलं, हा पेटलेला आहे तोवर लाईट आहे, कुणी उठायचं नाही. पुढच्या शुक्रवारी लोक उठले नाहीत खरे, पण गाणंभर वृषालीकडे बघायचं सोडून सगळे बल्बकडे बघत बसले. थांबा आला. बल्ब पेटलेला. कारागीर बसलेले. आणि तरीही मागे जनरेटर सुरू झाला.

मी धावत गेलो. बबन शांतपणे म्हणाला, की बल्ब एका फेजवर आहे, उरलेल्या दोन गेल्या असतील तर? लूमची मोटर तीन फेजवर चालते. एक फेज गेली की बल्ब हसत राहतो आणि मोटर जळते. मी म्हटलं, अरे इथे मोटर नाही, पोरगी आहे. तो म्हणाला, पोरगी हाय म्हनूनच.

मग मी तीन बल्ब टांगले. तीन फेजचे तीन, लाल, पिवळा आणि निळा, जसे प्रत्येक शेडच्या बोर्डावर असतात. ते बघून कल्याणची पोरं खुळावली. किती साधी प्रकाशयोजना, म्हणाली. एकाने फोटो काढून बँडच्या पानावर टाकला आणि पुढच्या वेळेस पोरं मुंबईहूनही आली. चष्मेवाल्याने मला विचारलं, या तीन रंगांमागे काय विचार आहे. मी म्हटलं, वायरमनचा आहे.

या खेपेला बबन जागेवर बसला. तिन्ही बल्ब बघितले, तीनदा बघितले. थांबा आला. जनरेटर नाही, चहा नाही, कोणी हललं नाही. माझा ऊर भरून आला. पण मागच्या बाकावर एक नवा कारागीर उठायला लागला, आणि त्याला बसवावं म्हणून बबन आपल्या लूमवरच्या आवाजात, शेवटच्या भिंतीला ऐकू जाईल असा ओरडला, "लाईट हाय रे! बसा सगली!"

शेड हसून कोसळली. वृषालीने माईक खाली ठेवला. बबन हात जोडून चारही बाजूंना बसा बसा करत होता.

तेवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण या पोरांच्या पंथात असं काही घडलं की त्याचा विधी होतो. पुढच्या वेळी थांबा आला आणि सगळं पब्लिक एका सुरात ओरडलं, लाईट हाय! त्यापुढच्या वेळी तर पोरं तीन बल्ब आणि खाली 'लाईट हाय' असे छापलेले शर्ट घालून आली. छापणाऱ्याने निळ्या बल्बचा हिरवा केला होता, त्यावरही दोन गट पडले. ठाण्याच्या एका हॉटेलात बँड वाजवायला गेला. तिथे कोणी लूम बघितलेला नव्हता, तिथेही थांब्याला तीच आरोळी. मोबाईलवर गाणं टाकलं त्याखाली निम्म्या लोकांनी 'लाईट हाय' लिहिलं आणि उरलेल्यांनी तक्रार केली, की मध्येच नेटवर्क जातंय. बबनला शेलारपासून मानकोलीपर्यंत लोक ओळखू लागले. तो खूश होता. पोरीच्या गाण्यात आपलं एक वाक्य आहे, असं तो अभिमानाने सांगायचा.

वृषाली मात्र माझ्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायची. एकदा म्हणाली, "काका, लोक गाण्याला येत नाहीत आता, ओरडायला येतात. ते चालेल. पण ज्याच्यासाठी मी लिहिलं त्याने ते एकदाही ऐकलं नाही. त्याला वाटतं मधली जागा त्याच्या डायलॉगसाठी सोडलीय."

मी म्हटलं, बापाला सांग ना सरळ. ती म्हणाली, सांगितलं तर तो गप्प बसेल, पण माझ्यावर मेहेरबानी म्हणून बसेल, आणि पुन्हा शेडवर यायचा नाही. बापाला ओळखत होती ती. सगळ्या दांड्या माझ्या हातात होत्या, पण बबनला दांडी नव्हती.

मग एके दिवशी लतीफशेठनी सांगितलं, की उरलेले लूमही काढतोय. शेड गोदामवाल्यांना दिली. बबनला म्हणाले, तुला तिथे वॉचमनची ड्युटी मिळेल, मी बोललोय. बबनने मान हलवली. संध्याकाळी तो जनरेटरजवळ बसून त्याला कापडाने पुसत होता. वॉचमनला लाईट गेली काय आणि असली काय, सारखंच.

शेवटचा शुक्रवार. लूम गेले होते, जमिनीवर त्यांच्या बोल्टांची भोकं तेवढी उरली होती. शेड खच्चून भरली. निम्मे शर्ट 'लाईट हाय'. कारागीर पुढे, कारण आता वरच्या खोल्याही जाणार होत्या. लतीफशेठ रोजच्यासारखे दाराशी, मेन स्विचच्या पेटीखाली, खुर्ची टाकून चहा घेत बसले होते. बबन भिंतीला टेकून उभा. वृषालीने ते गाणं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

गाणं चढत गेलं. बाप घरी आला, ओरडला, मीठ मागितलं. पोरांनी आरोळीसाठी छात्या भरून घेतल्या. थांबा आला, मी दांड्या खाली घेतल्या आणि बॉक्समधून बारीक धप आवाज आला. तिन्ही बल्ब विझले.

आता हे समजून घ्या. इतके दिवस ती जी शांतता मागत होती, ती खरी कधी मिळालीच नसती. बॉक्स चालू असले की त्यांची एक घूं घूं असते. डोक्यावर पंखे असतात. आपल्याला ते ऐकू येत नाही, कारण ते कधी थांबत नाही. त्या क्षणी ते थांबलं. शुक्रवार होता, गल्लीत एकही लूम चालू नव्हता. पंख्यांची पाती हळूहळू मंदावली. मी या गावात जन्मलो, पण इतकं शांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

पोरांची तोंडं उघडी राहिली. लाईट हाय, असं ओरडायचं कसं? लाईट नव्हती.

सगळ्यांनी बबनकडे बघितलं. बबन विझलेल्या बल्बांकडे बघत होता. त्याचा एक पाय दाराकडे निघालेला होता. मग त्याने स्टेजकडे बघितलं. लूमच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून कारागीर लांबून हातांनी बोलतात. बबनने घरात पोरीला ते लहानपणीच शिकवलं होतं. त्याने मूठ धरून मनगट फिरवलं. चालू करू?

वृषालीने तळवा खाली करून हवेत दाबला. ऱ्हाऊ दे.

बबनने पाय मागे घेतला. भिंतीशी खाली बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आणि ऐकू लागला. आठ-दहा श्वास कधीच होऊन गेले. कोणी हललं नाही. वरच्या पत्र्यावर कबुतराची नखं वाजली ती मला ऐकू आली. मग वृषालीने शेवटचं कडवं उचललं, माईकशिवाय, घरात बोलतात तेवढ्याच आवाजात, आणि ते शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं. मी मिक्सरवरचे हात काढून मांडीवर ठेवले. त्यांना काही काम नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

टाळ्या थांबल्यावर मी बाहेर आलो. समोरच्या टपरीतला पंखा फिरत होता. म्हणजे लाईट फक्त आमच्याच शेडची गेली होती. मी मेन स्विच बघितला. दांडा खाली ओढलेला. त्याखाली लतीफशेठ बसलेले, कप तोंडाला लावून. मी म्हटलं, शेठ, ॲम्प्लिफायर चालू असताना असा मेन ओढत नाहीत, मशीन जळतं माझं.

शेठनी कप खाली ठेवला. "कितनी दफा से मांग रही थी बच्ची," ते म्हणाले. "शेडमध्ये आता दुसरं काय उरलं होतं द्यायला?"

मी स्वतः दांडा वर केला. आत तिन्ही बल्ब पेटले, आणि जी आरोळी इतका वेळ पोरांच्या छातीत अडकून पडली होती ती एकदम सुटली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

सामान टेम्पोत भरताना बबन माझ्याजवळ आला. एक बॉक्स त्याने एका बाजूने धरला, एक बाजू मी. इतक्या शुक्रवारांत त्याने माझ्या कामात खोट काढली नाही असं कधी झालं नव्हतं. कधी भोंगा कर्कश, कधी पोरीचा आवाज दबलेला. बॉक्स आत ढकलून त्याने हात झटकले, डोळे मनगटाने पुसले आणि गंभीर चेहऱ्याने मला म्हणाला,

"दत्तू, आज पयल्यांदा तुझा साउंड बराबर लागला."

एवढ्या वर्षांच्या धंद्यात माझ्या साउंडचं झालेलं ते एकमेव कौतुक. मी ते ठेवून घेतलं.